गाडीचा आवाज नव्हे, टॅपेटची फट बघा

आज आम्ही थोडा वेगळा विषय घेऊन आलो आहोत. पापड, शेळीपालन, बँकेचा हप्ता हे विषय आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मोटरसायकलबद्दल. "त्यात बायांचं काय काम?" असं कुणी म्हणेल. पण त्या गाडीवर दूध जातं, भाजी जाते, पोरगी कॉलेजला जाते, रात्री-बेरात्री दवाखाना गाठावा लागतो. आणि गाडी बंद पडली की दुरुस्तीचे पैसे बहुतेक वेळा आपल्याच गटाच्या पेटीतून निघतात. तेव्हा गाडीच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला थोडं तरी कळलं पाहिजे.

आमच्याकडे झालेली गोष्ट आधी सांगतो. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातले. गटातल्या एका ताईकडे मालकाच्या वेळची जुनी स्प्लेंडर आहे. मालक गेले, गाडी राहिली. ताई स्वतः शिकली, आता दुधाच्या कॅन घेऊन तीच जाते. गाडी चांगली चालायची, फक्त इंजिनातून टकटक असा बारीक आवाज यायचा. बैठकीला ती आली की आम्हीच म्हणायचो, "माय, तुही गाडी लय वाजून रायली. थे आवाज बंद करून घे ना." ताईनं ऐकलं. तालुक्याच्या एका गॅरेजात गेली आणि म्हणाली, "भाऊ, हा आवाज काढून द्या." मिस्त्रीनं पाना फिरवला, पाच मिनिटांत गाडी गप्प झाली. ताई खूश, आम्हीही खूश.

मग दोन-तीन महिन्यांत गाडी सकाळी किक घेईना. चालू झाली तरी तापल्यावर थांबली की बंद पडायची. दोन कॅन घेऊन चढ चढेना. किक मारली तर पायाला जोरच लागायचा नाही, जणू आत काही नाहीच. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिनाचं डोकं उघडलं. सायलेंसरच्या बाजूचा व्हॉल्व्ह कडेला जळून खरवडल्यासारखा झाला होता. नवा व्हॉल्व्ह, बैठक घासणं, गॅस्केट, मजुरी मिळून ताईनं गटातून पाच हजारांचं कर्ज घेतलं. आठ दिवस दूध दुसऱ्याच्या गाडीवर गेलं, पोरीचं कॉलेज बुडालं ते वेगळंच.

त्या दिवशी बैठकीत आम्हाला खरं वाईट वाटलं. कारण आवाज बंद करायला आम्हीच सांगितलं होतं. मग आम्ही एस. टी. आगारात पूर्वी मेकॅनिक असलेल्या एका काकांना बैठकीला बोलावलं. त्यांनी जे शिकवलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

टॅपेटची फट म्हणजे काय

इंजिनाच्या डोक्यात दोन झाकणं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एकातून पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. लांब खिळा घ्या, त्याचं डोकं पसरट करा, तसा व्हॉल्व्हचा आकार. पसरट डोकं आपल्या बैठकीवर घट्ट बसलं की दार बंद. वरून एक स्प्रिंग त्याला ओढून बंद ठेवते. उघडायचं काम रॉकर करतो. रॉकर म्हणजे मधोमध टेकू दिलेली छोटी पट्टी. एक टोक उचललं की दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाबतं आणि दार उघडतं. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या एका मिनिटात दोन हजार वेळा उघडतो आणि मिटतो.

आता दार बंद असताना रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात बारीक जागा सोडलेली असते. तीच टॅपेटची फट. कायले सोडतात? लोखंड तापलं की वाढतं म्हणून. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना आपण पाहिलंय. लोहार धाव लालबुंद तापवतो, ती वाढते, चाकावर सहज बसते, पाणी टाकलं की आवळून जाते. व्हॉल्व्हचंही तसंच. गाडी थंड असताना त्याचा दांडा आखूड असतो, तापली की लांबतो. त्या लांबण्यासाठी ही जागा.

जागा ठेवलीच नाही, तर तापलेला दांडा रॉकरला जाऊन टेकतो आणि झाकण बैठकीवरून किंचित उचललेलंच राहतं. कुकरचं झाकण नीट बसलं नाही की काय होतं? वाफ बाजूनं जाते, शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही. इंजिनातही दाब बाजूनं निघून जातो, ओढ कमी होते, किक हलकी लागते.

पण खरं नुकसान पुढे आहे. धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह सातशे अंशांच्या आसपास तापतो. एवढी उष्णता तो टाकतो कुठे? मिटल्यावर बैठकीला टेकला की तिथून ती बाकीच्या डोक्यात उतरते. गरम उलथणं थंड ओट्यावर टेकवलं की निवतं ना, तसं. झाकण टेकतच नसेल तर त्याला निवायला वेळच मिळत नाही. वरून त्या बारीक फटीतून जळता वायू सारखा जात राहतो आणि व्हॉल्व्हची कड जाळून टाकतो. आमच्या ताईच्या गाडीचं हेच झालं.

वाजणारी आणि गप्प गाडी

आता मुद्दा नीट ऐका. फट जास्त झाली तर रॉकर दांड्यावर हातोडीसारखा आपटतो. तीच टकटक. फार वाढली तर ओढ थोडी कमी होते, भाग झिजतात. पण ती गाडी ओरडून सांगत असते की माझ्याकडे पाहा. फट कमी झाली तर गाडी गप्प असते. छान, मऊ चालते. आणि आतल्या आत जळत असते.

म्हणून जुन्या गाडीची थोडी टकटक आली तर घाबरू नका, आणि गाडी एकदम शांत झाली तर फार खूश होऊ नका. मिस्त्रीला "आवाज बंद करा" असं कधीच म्हणू नका. तो गिऱ्हाईकाच्या मनासारखं करतो, फट आवळतो, आवाज जातो. आपण मागितलं ते त्यानं दिलं. मागायचं होतं ते वेगळं: "भाऊ, फट मोजून बरोबर करून द्या."

फट दोन्ही दिशांनी बदलते. रॉकर आणि स्क्रूचं टोक झिजलं की ती वाढते. व्हॉल्व्हची कड आणि बैठक झिजली की झाकण हळूहळू वर सरकतं आणि फट कमी होते. ही दुसरी झीज कानाला कळत नाही. म्हणून कानावर भरवसा ठेवायचा नाही, मोजायचंच.

किती असावी

हिरो होंडाची सीडी १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची त्या सीडी १०० ची जाहिरात होती. आपण ती फारच मनावर घेतली आणि इंजिनालाही विसरलो. अशा जुन्या लहान इंजिनांत ही फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. आपल्या डोक्याचा एक केस जवळजवळ एवढाच जाड असतो. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, आत येण्याचा वेगळा आणि धुराचा वेगळा असू शकतो. तो गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा आणि टाकीच्या आतल्या बाजूला नाही, गटाच्या वहीत लिहून ठेवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. राजदूत, आरएक्स १००, लुना या टू-स्ट्रोक गाड्या, त्यांना टॅपेट नसतातच. आणि जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला जवळजवळ शून्य फट ठेवतात, पण तिचा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे. एका गाडीचा आकडा दुसरीला लावायचा नाही.

मोजायला फिलर गेज लागतं. चाकूच्या पात्यासारख्या पातळ पत्त्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पत्तीवर जाडी लिहिलेली. शे-दोनशे रुपयांत मिळतं. घेताना त्यात ०.०५ ची पत्ती आहे ना ते पाहा. काही ठिकाणी दाढीचं पातं घालून फट बघतात. ते पातं ०.१० मिलिमीटर जाड असतं. जिथे ०.०५ हवी तिथे पात्यानं मापलं तर फट दुप्पट होईल.

कशी तपासायची

स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनाची रीत सांगतो. पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा.

पहिलं, गाडी पूर्ण थंड हवी. होंडा पद्धतीच्या पुस्तिकांत इंजिन ३५ अंशांच्या खाली असावं असं सांगतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा कित्येकदा ४५ च्या पलीकडे जातो, तेव्हा दुपारी उभी गाडीसुद्धा थंड नसते. म्हणून रात्रभर उभ्या गाडीचं काम पहाटे, झाडलोट झाल्यावर करायचं. मिस्त्रीकडे दहा किलोमीटर चालवत नेली आणि लगेच टॅपेट करून घेतले, तर ते माप बरोबर येत नाही. आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून या.

दुसरं, गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, चावी काढा. इंजिन ओल्या फडक्यानं पुसा. आपली काळी माती फार बारीक. झाकण उघडल्यावर ती आत गेली तर नवंच दुखणं होईल. पावसाळ्यात इंजिनाच्या पट्ट्यांमध्ये चिखल बसतो, तोही काढा. तो बसला की इंजिन जास्त तापतं.

तिसरं, प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हातानं सहज फिरतं. इंजिनाच्या डोक्यावर दोन टॅपेट झाकणं असतात. वरचं कार्बोरेटरच्या बाजूचं, ते आत येण्याचं. खालचं सायलेंसरच्या बाजूचं, ते धुराचं. खालचं काढताना थोडं ऑइल पडतं, खाली वाटी ठेवा.

चौथं, डाव्या कव्हरवर दोन झाकणं दिसतील. मधल्या मोठ्यातून गोटी पाना घालून आतला नट फिरवायचा, घड्याळाच्या काट्याच्या उलट. वरच्या छोट्या भोकातून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. आपल्याला इंग्रजी टी अक्षराची रेघ खाचेसमोर आणायची आहे. जवळच एफ अक्षर असतं, ते नाही.

टी-खूण दोनदा येते, आणि त्यातली एकच आपल्या कामाची. ओळखायचं असं: इंजिन सावकाश फिरवताना वरच्या झाकणातून बघा. वरचा रॉकर दाबला जाऊन परत वर आला की त्यानंतर येणारी टी-खूण आपली. त्या वेळी दोन्ही झाकणं मिटलेली असतात. चुकीच्या खुणेवर फट मोजली तर सगळंच चुकतं.

पाचवं, रॉकरच्या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात पत्ती सरकवा. जड पुस्तकाखालून कागद ओढताना जेवढी अडवणूक लागते, तेवढी लागली पाहिजे. पत्ती मोकळी हलली तर फट जास्त. जातच नसेल तर कमी. पुढची जाड पत्ती गेली तरी फट जास्तच समजा.

सहावं, बदलायची असेल तर लॉकनट ढिला करा, मधला स्क्रू त्याच्या छोट्या चावीनं हळूच फिरवा, पत्ती आत ठेवूनच. बरोबर झाली की स्क्रू तसाच धरून नट आवळा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो आणि फट मिटते. म्हणून आवळल्यावर पत्ती परत घालून बघायचीच. मग इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा टी-खुणेवर आणा आणि पुन्हा एकदा मोजा.

सातवं, झाकणांच्या रबर रिंगा तपासा, फाटली असेल तर नवी घाला, नाहीतर ऑइल गळेल. प्लग लावा, गाडी सुरू करा. थोडा बारीक आवाज आला तर येऊ द्या. माप बरोबर आहे ना, बस.

पुस्तिकेत किती किलोमीटरनं बघायचं ते दिलेलं असतं. ते सापडेपर्यंत दर तीन हजार किलोमीटरला एकदा बघत जा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारी किंवा रोज ओझं वाहणारी गाडी जास्त तापते, तिचं आधी बघा.

गॅरेजात उभं राहून

प्रत्येकीनं पाना हातात घ्यावा असं आमचं म्हणणं नाही. पण गॅरेजात तीन प्रश्न तर विचारता येतील. "भाऊ, गाडी थंड आहे ना? कोणत्या नंबरची पत्ती घातली? आधी किती फट होती?" विचारण्यात भांडण नाही. आमच्याकडे बरेच मिस्त्री हातानंच अचूक काम करतात, त्यांची कला आम्ही मानतो. पण बँकेत पैसे भरल्यावर आपण पासबुकावर छापून घेतो की नाही? तिथेही भरवसा असतोच, तरी आकडा पाहिजे. इथेही तसंच.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. गटानं एक फिलर गेज घेतलं आहे, ते पेटीत असतं. आणि कर्जाच्या वहीच्या मागच्या पानांवर गाड्यांची नोंद सुरू केली. तारीख, किलोमीटर, आधी सापडलेली फट, ठेवलेली फट. एवढे चारच रकाने. त्याचा मोठा फायदा आहे. एखाद्या गाडीची धुराच्या बाजूची फट दर वेळी कमीच सापडत असेल, तर व्हॉल्व्ह आणि बैठक झिजत चालली आहे असं समजायचं. म्हणजे एक दिवस हेडचं काम येणार. ते आधी कळलं तर दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकता येतात, गाडी ऐन हंगामात रस्त्यात उभी राहत नाही. टॅपेटचं काम शेकड्यांत होतं, हेडचं हजारांत जातं, हे आम्ही पाच हजार देऊन शिकलो.

त्या ताईनं कर्ज फेडलं. मागच्या नोंदीत तिच्या गाडीची धुराची फट थोडी कमी सापडली, परत बरोबर केली. गाडी आता जराशी वाजते. परवा बैठकीला ती आली तेव्हा एक नवी सून म्हणाली, "काकू, तुमची गाडी आवाज करून रायली वो." ताई म्हणाली, "करू दे बाई. मोजलेला हाय थो आवाज."

तुमच्या अंगणातली गाडी कधी मोजली होती, ते आज घरात विचारा. कुणालाच आठवत नसेल, तर उद्या पहाटे, गाडी थंड असताना, सुरुवात करा.